धंदा वाढतो तसा धनीहि वाढला पाहिजे

शेतीस जोडधंदा असावा, ही गोष्ट आतां आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. गुऱ्हाळ, दुग्धव्यवसाय, रोपवाटिका, तेलघाणा, फळांची प्रतवारी व विक्री अशा नाना धंद्यांत आमचे पुष्कळ शेतकरीबंधु उतरले आहेत, आणि त्यांतील कित्येकांस आरंभीं चांगलें यशहि आलें आहे. परंतु हेच धंदे चार-पांच वर्षांनीं पुन्हा पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. जे बंद पडले, ते सर्वच कांहीं भांडवल कमी पडल्यामुळें किंवा गिऱ्हाईक न मिळाल्यामुळें बंद पडले असें नाहीं. कित्येक धंदे ऐन वाढीच्या वेळीं, मागणी दारांत उभी असतां बसले. धंदा मोठा झाला, पण धनी होता तेथेंच राहिला. दहा मणांच्या गाडीवर चाळीस मण लादले आणि आंस मोडला, असाच तो प्रकार होय. आणि असा धंदा बसतो तेव्हां तो एकटा बसत नाहीं. त्याच्यासाठीं तारण ठेविलेली वडिलार्जित जमीनहि त्याच्याबरोबर जाते. म्हणून या विषयाचा विचार आम्ही येथें थोडा विस्तारानें करणार आहों.

पिकाच्या उदाहरणानें हा मुद्दा लवकर ध्यानांत येईल. रोप कोंवळें असतां खुरपणी करावी लागते, कणसें भरतांना पांखरें राखावीं लागतात, आणि पीक पिकल्यावर विळा घ्यावा लागतो. शेत तेंच, शेतकरीहि तोच. पण काम निराळें. कणसें भरलीं असतां जो खुरपें घेऊन बसेल, त्याची मेहनत खोटी नसली तरी त्याचें पीक पांखरें खातील. धंद्याचीहि अशीच स्थिति आहे. त्याच्या प्रत्येक अवस्थेंत धन्याचें काम बदलतें, आणि जुनें काम सोडून नवें शिकण्याची तयारी हीच धंदेवाल्याची खरी वाढ होय.

हें नुसत्या उपदेशानें पटणार नाहीं, म्हणून आम्ही एक घडलेलें उदाहरण घेतों. तें कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचें आहे. त्यांच्या कारखान्याचें पहिलें मोठें गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी; म्हणून त्यांचें चरित्र आमच्या वाचकांस परकें वाटणार नाहीं.

पहिली पायरी : स्वतःचा हात

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु कांहीं रंग नीट ओळखण्याची शक्ति आपल्या दृष्टींत नाहीं असें आढळून आल्यामुळें त्यांस रंगकाम सोडावें लागलें. हताश न होतां ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, आणि पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. १८८८ मध्यें त्यांचे वडील बंधु रामुअण्णा यांच्यासह त्यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली पाठवावयाच्या, आणि रामुअण्णांनीं त्या विकावयाच्या व गिऱ्हाइकांस चालवावयासहि शिकवावयाच्या, अशी त्यांची वांटणी होती. पुढें नोकरींत बढतीच्या वेळीं आपणांस डावललें असें पाहून लक्ष्मणरावांनीं ती सोडली व ते बेळगांवास येऊन राहिले. दुकानाच्या जोडीस लहानसा कारखाना आला, आणि त्यांतून कडबा कापण्याचीं यंत्रें बाहेर पडूं लागलीं.

या पायरीवर धनी हाच कामगार असतो. यंत्राचा आवाज बिघडला कीं त्याच्या कानास तें प्रथम कळतें. हें हाताचें ज्ञान पैशानें विकत मिळत नाहीं. ज्यास गुऱ्हाळ घालावयाचें आहे, त्यानें निदान एक हंगाम तरी काहिलीपाशीं स्वतः उभें राहावें. रसावरची मळी केव्हां काढावी, चुना अधिक पडला म्हणजे गूळ कसा काळवंडतो, पाक झाला हें कशावरून ओळखावें, हें त्यास स्वतः दिसलें पाहिजे. ज्यास हें ठाऊक नाहीं, तो पहिल्या दिवसापासून गुळव्याच्या मर्जींत राहिला. मात्र या पायरीची एक भूल आहे. आपल्यावांचून काम होत नाहीं, याचा मनुष्यास अभिमान वाटूं लागतो. आणि पुढें हाच अभिमान धंद्याच्या गळ्यांत लोढणें होऊन बसतो.

दुसरी पायरी : गिऱ्हाइकाचें शेत

१९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनीं लोखंडी नांगर तयार केला. लांकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलथीत नाहीं. लोखंडी नांगराच्या फाळामागें जो वळलेला पंख असतो, तो फाळानें कापलेली माती उचलून पालथी घालतो. त्यामुळें हराळी व कुंदा यांच्या मुळ्या वर येऊन उन्हांत वाळतात, आणि धसकटें जमिनींत गाडलीं जातात. फायदा स्पष्ट होता, तरी पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं! लोखंडानें जमिनीस विष बाधतें असा समज तेव्हां शेतकऱ्यांत पसरलेला होता.

या समजुतीस आज हसणें सोपें आहे. परंतु ज्याची एका हंगामाची चूक म्हणजे घरच्या वर्षाच्या अन्नाची नासाडी, तो नव्या अवजारास भितो, यांत मूर्खपणा नाहीं, सावधपणा आहे. शिवाय त्याच्या मनांत कांहीं रास्त प्रश्नहि असतात. हा नांगर माझ्या बैलांस झेपेल काय? लांकडी नांगर गांवचा सुतार बलुत्यांत दुरुस्त करून देतो. हा मोडला तर कोणाकडे न्यावा? फाळ झिजला तर दुसरा कोठें मिळेल? नांगर चांगला आहे एवढें म्हणून या प्रश्नांचीं उत्तरें होत नाहींत. तीं देण्यासाठीं कारखानदारास आपली भट्टी सोडून गिऱ्हाइकाच्या बांधावर जावें लागतें.

दुसऱ्या पायरीवरचा बदल तो हाच. पहिल्या पायरीवर धन्याची नजर वस्तूवर असते. दुसरीवर ती वस्तु वापरणाऱ्यावर गेली पाहिजे. आपला माल उत्तम आहे, लोकांसच पारख नाहीं, असें म्हणत बसणारे पुष्कळ भेटतात. पेठेंत कोणत्या वजनाची ढेप खपते, कोणता रंग मागतात, माल कोणत्या महिन्यांत तुंबतो, हें ज्यानें अडत्याच्या दुकानीं बसून ऐकलें नाहीं, त्यानें गुळाचा दोष पेठेवर घालूं नये. दोन वर्षें न विकलेला नांगर समोर पडलेला असतां लक्ष्मणरावांनीं गिऱ्हाइकास नांवें ठेवून धंदा बदलला असता, तर आमच्या कित्येक माळांवरील हराळी आणखी कांहीं वर्षें तशीच राहिली असती.

तिसरी पायरी : माणसें

नांगरांचा खप होऊं लागला तोंच बेळगांवची जागा सोडण्याचा प्रसंग आला. अशा वेळीं औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांत जागा दिली व कर्जाऊ पैसाहि दिला. कुंडल रोड स्टेशनाजवळची ही सुमारें ३२ एकर जमीन म्हणजे निवडुंग व साप यांनीं भरलेला माळ होता. तेथें १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. तें स्टेशनहि आज त्याच नांवानें ओळखलें जातें.

माळावर कारखाना उभारणें म्हणजे नुसत्या भिंती घालणें नव्हे. पाणी, घरें, रस्ते, राखण, मुलांची शाळा हें सर्व आलें. एका माणसाच्या दोन हातांचें हें काम नव्हतें, आणि लक्ष्मणरावांनीं तें आपल्या दोन हातांत धरून ठेविलें नाहीं. वसाहतीची आखणी व व्यवस्था रामुअण्णांकडे गेली. हिशेबाचें काम मंगेशराव रेगे यांनीं संभाळलें. ज्यांचें शिक्षण अर्धवट सुटलें होतें ते अनंतराव फळणीकर तेथें इंजिनियराचें काम करूं लागले. राखणीस तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग हे होते. ते पूर्वीं शिक्षा भोगून आलेले. परंतु त्यांच्यावर विश्वास टाकला गेला, आणि त्यांनीं तो राखला. प्रशस्तिपत्र पाहून माणूस निवडण्याची ही रीत नव्हे. कोणाच्या अंगीं कोणता गुण आहे हें ओळखून त्यास त्या गुणाचें काम देणें, आणि दिल्यावर त्याच्या हातांतून तें पुन्हा पुन्हा काढून न घेणें, ही धन्याची नवी विद्या होय.

आमच्या मतें पुष्कळ शेतकऱ्यांचे धंदे मोडतात ते याच पायरीवर. एका चुल्हाणाचें गुऱ्हाळ चांगलें चाललें, म्हणून धनी दुसरें व तिसरें चुल्हाण घालतो, शेजाऱ्यांचा ऊसहि घेऊं लागतो. पण स्वतः मात्र पूर्वींप्रमाणेंच पहिल्या काहिलीपाशीं उभा राहतो. तिकडे तोडलेला ऊस बांधावर वाळतो, ज्यांचा ऊस घेतला ते पैशासाठीं दारीं बसतात, उचल घेतलेले मजूर निघून जातात, आणि धनी चहूंकडे धांवतो. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात, ती ही अवस्था. तो आळशी नसतो. उलट सर्वांपेक्षां अधिक राबत असतो. परंतु आतां त्याचें काम राबणें हें नसून राबणाऱ्यांची घडी बसविणें हें आहे, आणि हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. दुसऱ्याच्या हातून होणारें काम आरंभीं आपल्यापेक्षां चार आणे कमी उतरेल, हें सहन करण्यास मन मोठें लागतें. तो चार आण्यांचा तोटा म्हणजे माणूस तयार करण्याची फी होय.

चौथी पायरी : हिशेब

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत परदेशी माल येणें कठीण झालें. देशी अवजारांस मागणी वाढली, पण लोखंड-कोळसा मिळण्याची अडचणहि तितकीच वाढली. अशा काळांत टिकण्यास केवळ कारागिरी पुरत नाहीं. हातांत भांडवल व वहींत स्पष्ट आंकडे लागतात. १५ जानेवारी १९२० रोजीं ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. म्हणजे जो धंदा भावाभावांचा होता, त्यांत भागीदारांचा पैसा आला, आणि त्या पैशाबरोबर दरवर्षीं जबाब देण्याची जबाबदारीहि आली. त्याच सालीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें नियतकालिक सुरू केलें. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेण्याचें हें साधन पुढें महाराष्ट्रांतील एक मान्यवर मासिक झालें.

ही पायरी चढणें शेतकऱ्यास सर्वांत जड जातें. घराची पेटी आणि धंद्याची पेटी आमच्याकडे एकच असते. गुळाच्या पैशांतून मुलीचें लग्न होतें, आणि बी-बियाणांसाठीं काढलेलें कर्ज यंत्राच्या हप्त्यांत जातें. मग धंद्यांत नफा झाला कीं तोटा, हें धन्यास स्वतःसहि सांगतां येत नाहीं. आपल्या घरच्या माणसांच्या मेहनतीचा, आपल्याच रानांतील वैरणीचा, आपल्याच उसाचा दाम आपण धरीत नाहीं, आणि उरला पैसा तो नफा असें समजतों. दुभत्या जनावराच्या धंद्यांत हा प्रकार विशेष चालतो. घरची वैरण पेठेच्या भावानें मोजली, तर नफ्यांत वाटणारी गाय कित्येकदां तोट्यांत निघेल.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, धंद्याची वही निराळी असावी, धन्यानें स्वतःचा पगार ठरवून तेवढाच घ्यावा, आणि घरांत अधिक लागल्यास तें धंद्याचें येणें म्हणून वहींत मांडावें. आरंभीं हें अवघड वाटतें, कारण आपल्याच पैशास हात लावतांना वहीस विचारावें लागतें. परंतु जो स्वतःच्या वहीस जबाब देण्यास शिकला नाहीं, तो उद्यां बँकेस, पतपेढीस किंवा भागीदारांस काय जबाब देणार? कंपनीविषयक कायद्यांत २००२ मध्यें झालेल्या दुरुस्तीमुळें शेतकऱ्यांस आपली उत्पादक कंपनी स्थापन करण्याची वाट मोकळी झाली आहे. कायद्यानें दार उघडलें; पण आंत जाणाऱ्याच्या हातीं स्पष्ट वही नसेल, तर तें दार त्यास न्यायालयाकडेहि नेईल.

पांचवी पायरी : मागें सरणें

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ मध्यें यंत्रविद्या शिकण्यासाठीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें गेले, व १९२६ मध्यें परतून किर्लोस्करवाडीच्या कामांत पडले. पुढें या घराण्याचें काम एका माळापुरतें राहिलें नाहीं. १९४१ मध्यें हरिहर येथें यंत्रोत्पादक यंत्रें करणारा कारखाना निघाला. १९४६ मध्यें पुण्याजवळ खडकीस तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा, आणि बंगळूर येथें विजेच्या मोटारींचा. मोटेनें पाणी ओढणाऱ्या आमच्या विहिरींवर पुढें जीं इंजिनें व पंप आले, त्यांत या कारखान्यांचा वांटा मोठा आहे. सायकलीच्या दुकानापासून निघालेला मनुष्य हें सर्व स्वतःच्या मुठींत धरून बसला असता, तर यांतील एकहि गोष्ट झाली नसती. वाढत्या धंद्यांत धन्याचें शेवटचें काम म्हणजे आपल्या जागीं दुसरा उभा करणें.

हें केवळ बापलेकांपुरतें नाहीं. अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील लोणी येथें कै. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं १९२३ मध्यें सहकारी पतसंस्था काढली, आणि त्याच अनुभवाच्या पायावर पुढें प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या अखेरीस त्याचें गाळप सुरू झालें. विठ्ठलराव हे शाळेंत थोडेंच शिकलेले शेतकरी. गांवोगांव हिंडून भाग गोळा करण्याचे कष्ट त्यांचे. लोकांचा विश्वासहि त्यांच्यावर. तरी कारखान्याच्या अध्यक्षपदीं प्रथम बसले ते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. ज्या कामास जें ज्ञान लागतें तें आपल्यापाशीं नसेल तर त्या ज्ञानास मानाची जागा द्यावी, आणि त्यांत आपला कमीपणा मानूं नये, असें ज्यास कळलें तो मनुष्य धंद्याच्या दृष्टीनें पूर्ण वाढला असें आम्ही समजतों.

आमच्या घरांत याच्या उलट प्रकार दिसतो. मुलगा तीस-पस्तीस वर्षांचा झाला तरी पेटीची किल्ली वडिलांच्या कडदोऱ्यास असते. त्यास व्यवहाराचा अनुभव नाहीं अशी तक्रार वडील करतात. पण चूक करण्याची संधि दिल्यावांचून अनुभव कोठून येणार? लहान प्रमाणांत, वडिलांच्या डोळ्यांदेखत, सोसवेल एवढी चूक त्यास करूं द्यावी. एक चुल्हाण, दोन गाई किंवा अर्धा एकर रोपवाटिका त्याच्या नांवें, त्याच्या वेगळ्या वहीनें चालूं द्यावी. वडील अंथरुणास खिळल्यावर एकदम सर्व कारभार अंगावर पडलेल्या मुलाची चूक लहान नसते. ती घर विकावयास लावते. आणि मुलीच्या अंगीं हा गुण असेल, तर किल्ली तिच्या हातीं देण्यास संकोच कां असावा, हेंहि वाचकांनीं विचारांत घ्यावें.

दोन शंका

येथें कोणी म्हणेल कीं, लक्ष्मणरावांस पंतप्रतिनिधींचा आश्रय मिळाला. आम्हांस कोण देणार? शंका रास्त आहे. प्रत्येकास असा आश्रयदाता भेटत नाहीं, आणि नुसत्या गुणांनीं भांडवल उभें राहतें असें आम्हीहि म्हणत नाहीं. परंतु आश्रय मिळाला तो सात-आठ वर्षें नांगर करून दाखविलेल्या माणसास, हेंहि विसरूं नये. पैसा देणारा, मग तो संस्थानिक असो, बँक असो कीं सोसायटी असो, धंदा जितका पाहतो तितकाच धनी पाहतो.

दुसरी शंका अशी कीं, प्रत्येकानें वाढलेंच पाहिजे काय? मुळींच नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे हा वडिलांचा उपदेश आजहि खरा आहे. एका चुल्हाणाचें गुऱ्हाळ उत्तम चालवून, कर्ज न करितां, सुखानें राहणारा शेतकरी आमच्या दृष्टीनें लहान नव्हे. व्याप तितका संताप, हें जाणून जो जाणीवपूर्वक थांबतो, तोहि पक्व झालेला मनुष्यच. आमचा आक्षेप इतकाच कीं, धंदा तीन चुल्हाणांचा करावयाचा आणि धनी मात्र एका चुल्हाणाचा ठेवावयाचा, हें करूं नये. दोहोंपैकीं कोणतें तरी एक बदललें पाहिजे.

कसोटी

आपण कोणत्या पायरीवर आहों हें ओळखण्यास आम्ही वाचकांस एक सोपी कसोटी सुचवितों. ज्याचा दुधाचा किंवा रोपांचा धंदा आहे, त्यानें आषाढीस, आणि ज्याचें गुऱ्हाळ आहे, त्यानें हंगाम सुरू झाल्यावर कार्तिकीस, पंढरीची पायीं वारी करून यावें. आळंदीहून आषाढीच्या वारीस सुमारें तीन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत घरीं निरोप धाडूं नये, व विचारूंहि नये. परत आल्यावर तीन गोष्टी पाहाव्या. माल पूर्वींच्याच प्रतीचा निघाला काय? घेणें-देणें रोजच्या रोज वहींत मांडलें गेलें काय? आणि आपल्या पश्चात् एखादी अडचण आली असतां ती कोणी तरी आपल्या अकलेनें सोडविली काय?

तिन्हींचें उत्तर होय असेल, तर धंदा वाढविण्यास हरकत नाहीं. पहिल्याचें नाहीं आलें तर माणसें तयार करावीं, दुसऱ्याचें नाहीं आलें तर वही सुधारावी, आणि तिसऱ्याचें नाहीं आलें तर घरांतील कोणास तरी आजपासून निर्णय करूं द्यावा. जोंवर हीं तीन उत्तरें मिळत नाहींत, तोंवर नवें कर्ज काढूं नये व जमिनीचा उतारा तारण म्हणून कोणाच्या हातीं देऊं नये, एवढें आमचें वाचकांस आग्रहाचें सांगणें आहे.